साडी धुतली त्या दिवशी

प्रिय सत्यभामा,

अक्षराला हसू नको. सातवीनंतर मी पेन धरला तो फक्त ट्रकच्या पावत्यांवर सही करायला. त्यात ह्या पेनचं टोपण कौसीला पाहिजे, आणि ते तिच्या तोंडात जाऊ नये म्हणून माझा डावा हात तिकडंच गुंतलाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू नगरच्या गाडीत बसलीस, त्याला आज एक्केचाळीस दिवस झाले. तू गेलीस तेव्हा गावात कुणाला वाटत नव्हतं की तुझी परीक्षा होईपर्यंत मी पोरीजवळ टिकेन. बंकट तर त्याच्या हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाला, "गाव दसऱ्याला सीमोल्लंघन करतं, सिद्याचं बारा महिने चालतं. पोरगी म्हातारीच्या मांडीवर टाकून आठव्या दिवशी हा हैद्राबादला." मी हसलो. पण खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

पहिले चार दिवस मी तुला बंकटच्या हॉटेलातल्या फोनवर "मजेत हाय" म्हणत होतो, ते साफ खोटं होतं. कौसी दूधच घेत नव्हती. वाटी पुढं केली की मान फिरवायची, चमचा उडवायची. गायीचं घे, शेळीचं घे, साखर घाल, कशाचाच उपयोग नाही. दिवसभर रडून आवाज बसला तिचा. मायचे गुडघे असले, ती तरी किती वेळ खांद्यावर घेणार. बारा-तेरा महिन्यांच्या पोरीचं अंगावरचं एकदम तोडलं म्हणून बाया मला ऐकू जाईल अशा बोलायच्या. तुझं दूध आटायला आठ दिवस लागले, रात्री उशीत तोंड घालून पडायचीस, हे तू जाईमावशीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. मला ते त्यांच्याकडून कळलं. राहू दे.

पाचव्या दिवशी मला बापाची, अण्णांची, आठवण झाली. म्हणजे अण्णा सध्या मेंढरं घेऊन तलवाड्याच्या अंगाला गेलेत, गोदेकाठी जरा तरी हिरवं आहे म्हणतात, पण मला आठवलं ते जुनं. एखाद्या मेंढीचं पिल्लू मेलं आणि दुसरं एखादं पोरकं असलं, की अण्णा मेलेल्या पिल्लाचं कातडं त्या पोरक्याच्या पाठीवर बांधायचे. मेंढी वास घ्यायची आणि गुमान पाजायची. एकदा तर एका मेंढीनं कातड्यासकट पिल्लाला लाथ मारली, तेव्हा अण्णा तिच्याशी तासभर बोलत बसले होते, माणसाशी बोलावं तसं. ती गोष्ट लई मोठी आहे, कधीतरी सांगीन. तर मी म्हटलं, आपण हेच उलटं करू. तू जाताना बदललेली जांभळी साडी खुंटीवर तशीच होती. तीच नेसून तू त्या सकाळी धार काढली होतीस. तिला तुझा वास, गायीचा वास, चुलीचा धूर, सगळं होतं. मी ती खांद्यावरून गुंडाळून घेतली, कौसीला मांडीवर घेतलं आणि पदराच्या आडून वाटी पुढं केली. तिनं दोन्ही मुठींनी पदर धरला, डोळे मिटले आणि सगळी वाटी प्याली. मायनं देवाला हात जोडले. मी उठलो, तर पाय मुंग्या येऊन मेलेले, धाडकन पडलो. पण वाटी रिकामी होती.

मग काय, सकाळ-संध्याकाळ मी साडी पांघरून फिरायला लागलो. डेअरीवर दूध घालायला गेलो की पोरगी कडेवर आणि साडी खांद्यावर. बायांना तर सणच. "सिदूबाई, आज कोणती नेसली?" "पिन लावा की, पदर पडतोय." एक दिवस मुंजाजीनं दुधाच्या गाडीतून कॅन उतरवता उतरवता हात जोडले, "वहिनी, बरंय ना?" मी म्हटलं, "बरंय भाऊजी, तुम्ही पण घरी जाऊन मालकिणीकडनं जरा पोरं धरायला शिका." सगळ्या बाया हसल्या. तेव्हापासून त्याचं तोंड बंद आहे. जाईमावशी मात्र हसल्या नाहीत. डेअरीच्या चेअरमन झाल्यापासून त्या एकूणच कमी हसतात. त्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एवढंच विचारलं, "पेली का?" मी हो म्हटलं. "मग नेस," म्हणाल्या.

दुधाची फॅट मोजायच्या मशीनचा खोका अजून त्यांच्याच ओसरीवर आहे, सुतळीसकट, वर चादर टाकून. वरच्या दूध संघाचं अजून तेच म्हणणं: दिवाळीच्या आत परीक्षा पास झालेली बाई मशीनजवळ बसली नाही तर दुधाची गाडी आपल्या फाट्यावर थांबणार नाही. दुष्काळात एवढ्या बायांनी दोन-दोन, तीन-तीन लिटरनी ही संस्था जिवंत ठेवली, आणि त्यात दहावी पास तू एकटी. म्हणून जाईमावशी त्या खोक्याला कुणाला हात लावू देत नाहीत. एकट्या कौसीला देतात. तो खोका बरोबर तिच्या छातीएवढा आहे. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याला धरून पहिल्यांदा उभी राहिली. दोन्ही पंजे खोक्यावर, मागं बूड हलतंय, आणि गावच्या सरपंचासारखी इकडंतिकडं बघतेय. आता रोज सकाळी दूध घातलं की तिकडंच ओढते. वर दोन दात, खाली चार. चावते. कुत्र्याला "भू" म्हणते, गायीलाही "भू" म्हणते, टँकर आला की नुसतं "भू भू भू" करत टाळ्या पिटते, कारण सगळं गाव पळतं ना, तिला वाटतं जत्राच आहे. बाजरी गुडघ्याएवढी होऊन जळाली, आभाळ कोरडं ठाक, पण हिच्या लेखी गाव लई आनंदात आहे.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती मी दोनदा लिहून खोडली. अकराव्या दिवशी मी गेलतो. सकाळी कौसी निजली होती. मायला म्हटलं, चौसाळ्याला जाऊन पेंड बघून येतो. पिशवीत एक सदरा टाकला. पेंडीला जाताना सदरा कशाला लागतो, हे माय विचारू शकली असती, तिनं विचारलं नाही. हायवेला उभा राहिलो. ट्रक जाताना जो वारा लागतो ना अंगाला, तो लागला आणि मला एकदम हलकं वाटलं. तुला कसं सांगू, घरात मी वाईट नव्हतो, पण त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या कडेवर कुणी नव्हतं. ओळखीचा ड्रायव्हर भेटला, गुलबर्ग्याकडं निघालेला. म्हणाला, "चल बे, क्लीनर पळून गेलाय." मी वर चढलोही. गाडीत त्यानं टेप लावला, बिडी पुढं केली, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "कावून रे, बाईची साडी गळ्यात घालून कुठं निघालास?"

मी खाली बघितलं. तुझी साडी खांद्यावर होती. सवयीनं घेतलेली. म्हणजे मी नुसता पोरीला टाकून निघालो नव्हतो, तिचं दूधही बरोबर घेऊन निघालो होतो. गाडीनं अजून मांजरसुंब्याचा घाटही ओलांडला नव्हता. मी उतरलो. एक जीप मिळाली, मग एक मोटारसायकल, फाट्यापासून पळत आलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. घरी आलो तेव्हा कौसी उठून बराच वेळ झाला होता आणि उंबऱ्यावर बसून, आवाज न करता, नुसती हुंदके देत होती. मायनं माझ्या पिशवीकडं बघितलं. पेंड नव्हती. "दूध तापवलंय," म्हणाली. मी साडी पांघरली. हे बंकटला माहीत नाही. आता तुला आहे. ती जन्मली तेव्हा मी सोलापुरात होतो आणि पंधरा दिवसांनी आलो, ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. त्याचं मी काही करू शकत नाही. पण ह्या वेळी मी दुपारच्या आत परत आलो, एवढं तरी मोज.

त्यानंतर घट बसायच्या आदल्या दिवशी खरा घोटाळा झाला. नवरात्राआधी घरातलं सगळं धुवायचं, दुष्काळ असो नाहीतर काही. टँकर नऊ दिवसांनी आला, मायनं तीन हंडे जास्तीचे भांडून मिळवले आणि मी डेअरीवर असताना गोधड्या, घोंगड्या, परकर, सगळं धुऊन काढलं. त्यात मी त्या दिवशी खुंटीवरच विसरलेली जांभळी साडीही. आलो तर तारेवर वाळत होती, स्वच्छ, साबणाच्या वासाची. मी पदर नाकाला लावून बघितला, तुझा वास कुठंच नाही. मायला कळलं तेव्हा ती बिचारी कपाळाला हात लावून म्हणाली, "मेल्या, मला वाटलं मळली, म्हणून सोड्यात घातली." तिला काय बोलणार. पाण्याच्या हंड्यासाठी तिनं माणसांशी भांडण केलं होतं.

संध्याकाळी मी ती धुतलेलीच साडी पांघरली, काय करणार. कौसीनं पदर धरला. नाकाशी नेला. बघत राहिली. मग दुसरं टोक धरून हुंगलं, जणू वास तिकडं सरकला असेल. मग तिनं तो पदर बाजूला टाकला. मला वाटलं, आता सुरू होणार, आता परत ते चार दिवस. मायनं तर उठून दार लावून घेतलं, गल्लीला रडणं जाऊ नये म्हणून. आणि कौसी काय करते, तर माझ्या सदऱ्याची वरची दोन बटणं ओढते, मानेत तोंड खुपसते, तिथं दोनतीनदा हुंगते, आणि वाटीकडं हात करते. प्याली, सत्यभामा. साडीबिगर प्याली. वाटी संपवून अजून मागितलं. माझ्या अंगाला काय वास येतो मला माहीत नाही, बिडीचा, शेणाचा, घामाचा, पण तिनं तो घेतला आणि चालवून घेतला. कंत्राटदारांनी मला कामावर ठेवलं, काढलं, हिंगोलीपासून विजापूरपर्यंत कुठं कुठं राहिलो, पण कुणी माझ्या मानेत नाक घालून मला पास केलं नव्हतं.

आणि आता दसऱ्याचं. शिवेवर सगळा गाव आपट्याला गेला. कौसीला मी शिवेच्या दगडाशी उभी केली, दगड धरून. हातात तिच्या आपट्याचं एक पान. जाईमावशी विहारातला कार्यक्रम उरकून पांढऱ्या साडीतच रस्त्यानं येत होत्या. कौसीनं त्यांना बघितलं. त्यांचा आणि खोक्याचा ती काय संबंध लावते कोण जाणे. तिनं दगड सोडला. एक पाऊल. मग थांबली, हात पसरून, तारेवर चालणाऱ्या डोंबारणीसारखी. मग एकामागं एक सात, आणि शीव ओलांडून जाईमावशीच्या पायाला मिठी. पान चुरगळून त्यांच्या हातात. बंकट मागून म्हणाला, "बापाचंच रगत हाय, शीव वलांडून गेली." मी म्हटलं, "गेली ना? आता बघ, परत येती का." आणि ती फिरली आणि परत आली. बंकटनं मला सोनं दिलं आणि पाठीवर थाप मारली, जोरात, अजून दुखतंय. जाईमावशी हसल्या. मोठ्यांदा. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फोनवर सत्यभामाला सांगू नको. पहिलं पाऊल चुकलं म्हणून तिथं रडत बसल आन् अभ्यास राहील." म्हणून मी सांगितलं नाही. काल सकाळी तू फोनवर विचारलंस, नवीन काय, तर मी म्हटलं काही नाही. मला लई वेळ खोटं बोलता येत नाही, म्हणून मी लवकर लवकर कौसीच्या कानाला फोन लावला.

आणि तिथंच घोळ झाला, म्हणून हे पत्र. तू "कौसे, कौसे" करत होतीस, आणि तुला नुसती खरखर ऐकू आली, मग लाईन कापली. संध्याकाळी तू बंकटजवळ निरोप ठेवलास: पोरगी मला विसरली, हे काहीतरी लपवतात, मी गुरुवारी निघून येते, परीक्षा राहू द्या. सत्यभामा, ती खरखर बिस्किटाची होती. तुझा आवाज आला तशी तिनं आधी रिसीव्हरच्या मागं बघितलं. मग वायर धरून टेबलाखाली बघितलं. तू कुठंच नाहीस म्हटल्यावर तिनं हातातलं अर्धं, ओलं बिस्किट बोलायच्या भोकांत कोंबायला सुरुवात केली. तू बोललीस की कोंबायची, थांबलीस की थांबायची. तुला भरवत होती. ती बिस्किट कुणाला देत नाही. मला देत नाही, मायला देत नाही, बंकट महिनाभर मागतोय. तो बिचारा तासभर सुई घेऊन फोन साफ करत बसला होता, आणि शिवी एक दिली नाही. तर गुरुवारची गाडी सोडून दे. पुढच्या शनिवारी परीक्षा दे, पास हो, इकडं खोका फोडायला सुरीला धार लावून ठेवलीय. हे पत्र मी नगरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतोय, म्हणजे उद्याच मिळेल. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तुला न्यायला येतो. तुझ्या ट्रेनिंग सेंटरच्या फाटकापासून आत ती स्वतःच्या पायानं चालत येईल. तू फक्त तिथं खाली बस, आणि तोंड उघडं ठेव.

तुझाच,
सिदू