पश्चिमेचा वारा

सोमवार, ३ मार्च

सायकल मंडळाचा मार्गप्रमुख झालो. बिनविरोध. म्हणजे दंतवैद्यांचा हात वर गेला होता, पण तो मान खाजवायला. मंडळात मी, सौ., साडू, शेजारच्या इमारतीतले दंतवैद्य आणि रिटायर्ड पोस्टमास्तरीणबाई. बस डेपोत टाइमकीपरच्या खिडकीत आयुष्य काढलं. कुठली गाडी कुठे जाते हे मला कुणी शिकवू नये. रिटायर झाल्यापासून मात्र माझं कुणी ऐकत नाही. पंखा दोनवर ठेवा म्हटलं की तो तीनवर जातो. आता निदान मंडळ ऐकेल.

संकल्प: तळलेलं बंद. पहाटे उठणे. साडूशी गोड बोलणे.

बुधवार, ५ मार्च

मार्ग पाहून आलो. शी. किनाऱ्याचा रस्ता फोटोतच बरा. शेवाळ, कुजकी मासळी, चपट्या झालेल्या बाटल्या, आणि बाकावर कुणाचा तरी ओला मोजा. एकच. दुसरा कुठे असेल या विचाराने जेवण गेलं नाही. (भजी गेली. ती आधीच तळलेली होती.)

पण रस्ता सरळ आहे. आमच्या वस्तीपासून निघतो आणि पश्चिमेच्या टोकाला दीपगृहाशी संपतो. तिथून आतल्या बाजूने, कॉलन्यांमधून घरी परत.

गुरुवार, ६ मार्च

सायकलची खास चड्डी आणली. दंतवैद्यांचा आग्रह. बसायच्या जागी स्पंज. उभं राहिलं की ओलं दुपटं बांधल्यासारखं वाटतं. सौ.ला दाखवली. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पाणी पीत होती म्हणे.

शनिवार, ८ मार्च

मोबाईलवर हवामान पाहिलं: ‘पश्चिमेचा वारा, जोरदार’. उत्तम! बंदराची बस म्हणजे बंदराला जाणारी बस. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेला जाणारा वारा. तेव्हा जाताना उघड्या किनाऱ्याने जायचं, वारा पाठीला हात लावून ढकलत नेईल. येताना तो तोंडावर येणार, म्हणून कॉलन्यांमधून यायचं, इमारती त्याला अडवतील. एवढा विचार या मंडळात दुसरं कोण करणार होतं?

रविवार, ९ मार्च

वाऱ्याने ऐन वेळी बेत बदलला. सरकारी खात्याची हीच तऱ्हा.

घरापासून दीपगृहापर्यंत वारा तोंडावर. तोंड उघडलं की वाळू, मिटलं की श्वास बंद. एकदा उघडलं तेव्हा चिलट गेलं. गिळलं. पोस्टमास्तरीणबाईंची टोपी उडून घराच्या दिशेने निघाली, आमच्या आधी पोहोचली असणार. दंतवैद्य मध्येच उतरून सायकल हाताने ढकलू लागले आणि आमच्या बरोबरीनेच राहिले.

येताना इमारतींनी वारा खरंच अडवला. काय होता ते कळलंच नाही. गटाराचा वास मात्र त्यांना अडवता आला नाही.

साडू मनगटावरच्या घड्याळात बघून काही म्हणणार होता. मी गोड बोललो, म्हणजे त्याला बोलू दिलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

कारणं सापडली. एक, टायरमध्ये हवा कमी. दोन, दंतवैद्य फार बोलतात, त्याने वेग जातो. तीन, समुद्र.

गुडघ्याला तेल लावलं. त्या वासाने मांजर घर सोडून गेलं.

रविवार, १६ मार्च

पुन्हा ‘पश्चिमेचा वारा’, पुन्हा तोच मार्ग, पुन्हा तोंडावर. डेपोत एखादी गाडी रोज उलटी आली असती तर मी ड्रायव्हरला मेमो दिला असता.

दंतवैद्यांनी दीपगृहाशी दिलेली ताकदीची चिकट पुडी चोखली. सर्दी झालेल्या माणसाचा रुमाल चोखल्यासारखी लागते. उरलेली कुणी बघत नाहीसं पाहून पायरीवर ठेवली. तिच्यावर पोस्टमास्तरीणबाई बसल्या. उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पोस्टात असताना त्या लोकांकडे कशा बघत असतील ते कळलं.

घरी आल्यावर मंडळाची बैठक आमच्याच जिन्यात भरली. पुढच्या रविवारीही असेच हाल झाले तर मार्ग साडू आखील, असं ठरलं. सगळे एकदम हो म्हणाले. सौ.सुद्धा. मी पाणी आणायला आत गेलो, आणि माझं पाणी येईपर्यंत कुणी थांबलंही नाही.

मंगळवार, १८ मार्च

झोप नीट नाही. हे एवढं एक मला मिळालं होतं.

भांडी घासता घासता सौ.ने विचारलं, पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येत असेल असं नाही का वाटत तुम्हाला. मी बंदराच्या बसचं समजावून सांगितलं. सावकाश, दोनदा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, नळाचं पाणी काय नळाकडे जातं?”

हिला वाहतुकीतलं कळत नाही.

शनिवार, २२ मार्च

पश्चिमेचा वारा, अतिजोरदार. उद्या सगळ्यांची तोंडं बंद करतो. चड्डी वाळत घातली आहे. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई विचारत होत्या, ही उशी कुणाची.

रविवार, २३ मार्च

साडूने निघतानाच सुचवलं, आज हाच मार्ग उलटा करून बघू, आधी कॉलन्या, मग किनाऱ्याने परत. सगळे तयार. मी म्हणालो, तुम्ही करा, मी माझ्या मार्गाने जाणार. सौ.ने एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं, मग तीही त्यांच्याबरोबर गेली.

मी एकटा किनाऱ्याने निघालो. वाऱ्यात मान घालून, चेहऱ्यावर खारट चिकचिक, नाकात मासळी, मागे ट्रकवाल्याचा हॉर्न. दीपगृह अजून करंगळीएवढं दिसत असताना समोरून मंडळ आलं. दंतवैद्य पेडल मारत नव्हते. नुसते बसले होते, खुर्चीवर बसल्यासारखे, आणि काहीतरी गात होते. पोस्टमास्तरीणबाईंनी घंटी वाजवली. सौ.चे केस उडत होते. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मीही हात केला. तेवढ्यात सायकल वाळूत गेली.

सोमवार, २४ मार्च

पद साडूकडे. हरकत नाही. पदाचा मला मोह नव्हता. दुपारी आठ भजी खाल्ली.

शनिवार, २९ मार्च

दंतवैद्यांचा फोन. उद्या वारा कुठल्या दिशेने वाहील, तुमचं काय मत? खास मला विचारलं! मोबाईल बघून सांगितलं, पश्चिमेकडे. त्यांनी मनापासून आभार मानले. पद गेलं तरी सल्ला माझाच लागतो. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. फार मायेने म्हणाली.

रविवार, ३० मार्च

मार्ग फर्स्ट क्लास. येताना वारा पाठीशी, घरापर्यंत तरंगत आलो.

पण मी तर पश्चिमेकडे म्हणालो होतो, आणि येताना आमची पाठ पश्चिमेला होती. संध्याकाळी सौ.ला विचारलं. आधी तिने विषय बदलला, मग तूर निवडायला घेतली, मग सांगितलं. “तुम्ही सांगाल त्याच्या उलट जायचं, असं ठरलंय. मोबाईल कधी कधी चुकतो, तुम्ही एकदाही चुकला नाहीत.”

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ बघत उभा राहिलो. बादलीकडे जातं.

मंगळवार, १ एप्रिल

एकटाच किनाऱ्यावर जाऊन रुमाल धरला. घराकडे फडफडला. म्हणजे बंदराची बस आणि पश्चिमेचा वारा ही दोन वेगळी खाती आहेत. हे आधी लिहून ठेवायला हवं होतं कुणीतरी.

आता मला वारा कळतो. बिनचूक. शनिवारी बरोबर उत्तर दिलं तर मंडळ त्याच्या उलट निघणार, पोस्टमास्तरीणबाईंची नवी टोपीही जाणार, आणि त्यानंतर दंतवैद्य मला फोन कशाला करतील?

शनिवार, ५ एप्रिल

फोन आला. मोबाईलवर पश्चिमेचा वारा. साडूही मागे बोलताना ऐकू येत होता, त्याने सांगितलं की माझं उत्तर येईपर्यंत मार्ग ठरवणार नाहीत. माझ्यासाठी सगळे थांबले होते.

मी घसा साफ केला, नीट विचार केला आणि म्हणालो, पश्चिमेकडे.