खुर्चीवरची लेंगी

लेस्टर, १२ जून १९९४

॥ जय सेवालाल ॥

ती. शिलाताईस धाकट्या कुलदीपचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल. एक बातमी आहे, बसून वाच. मी हाटेलातलं सैपाकाचं काम सोडलं. सुट्टीला एका हॉलात नाचायला जात होतो. तिथं वाजवणाऱ्या तीन गोऱ्या पोरांनी मला बोलावून घेतलं. पेटी न्हाई, तबला न्हाई, टेबलावर यंत्रं. बटण दाबलं की ढोल थेट छातीत वाजतो. त्यांचा म्होरक्या डॅनी म्हणाला, लोक आमच्याकडं न्हाई, तुझ्याकडं बघून राहिले, तर आता मंचावरच नाच. बँडचं नाव 'लूज फ्यूज', म्हणजे ढिला फ्यूज.

याडी-बाबांना तूच सांग, माझी छाती होत न्हाई. तुझी माया आहे तशीच राहू दे.

कुलदीप


साखरा तांडा, ८ जुलै १९९४

चि. कुलदीपास अ. उ. आ.

बँडचं नाव ऐकून याडी खोकला लागेस्तोवर हसली. म्हणे, मग आपला समदा तांडाच बँड, हितं रोजच फ्यूज जातो. बाबा मात्र हसले न्हाईत. होळीला नंगारा वाजवणारा माणूस, पण म्हणाले, नाच सणाला असतो, पोटाला नसतो. सोयऱ्यांनी विचारलं तर पोरगं सैपाकी आहे म्हणूनच सांगा. तुझं पत्र वाचायला घेतलं की उठून जनावरांकडं जातात.

तू खचू नको. थंडीत कानाला बांधत जा आणि या बहिणीला विसरू नको.

शिला


लेस्टर, ३ नोव्हेंबर १९९७

ती. शिलाताईस शि. सा. न.

तीन वर्षं जर्मनी, जपान, कुठं कुठं नाचलो. भिंतीवरच्या पोस्टरात डॅनीपेक्षा माझा फोटो मोठा असायचा. गेल्या महिन्यात मंचावरून पडलो आणि गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, चालशील, पण उड्या आता कधीच न्हाई. डॅनी रडला. पण रेकॉर्ड कंपनीवाले दुसरा नाच्या शोधून राहिले. हाटेलचा मालक परत ये म्हणतो. जाईन म्हणतो.

याडीला सांगू नको.

कुलदीप


साखरा तांडा, २८ नोव्हेंबर १९९७

चि. कुलदीपास आशीर्वाद.

सांगितलं मी याडीला. ती म्हणाली, पाय मोडला, गळा काहून मोडंल? बैलानं पाय तुडवला त्या वर्षी जळबाकाका होळीला बाजेवर बसून लेंगीचं गाणं म्हणत होता, तो हाक द्यायचा अन् तांडा उत्तर देत नाचायचा. तसं कुलदीपानं खुर्चीवर बसावं अन् हाक द्यावी. भाषा न्हाई कळली तरी हाक कळते.

आणखी एक. या खेपेला बाबा उठले न्हाईत. पूर्ण पत्र ऐकलं. मग विचारलं, कोणता गुडघा?

शिला


लेस्टर, २९ जून १९९८

ती. याडी, बाबा आणि ताईस सा. न.

काल एका मोठ्या मैदानावर कार्यक्रम झाला. दिवसभर पाऊस, लोक चिखलात उभे. याडीचं म्हणणं मी डॅनीला सांगितलं होतं, पण कंपनीवाले खुर्चीला न्हाई म्हणत होते. डॅनीनं स्वतः उचलून मधोमध ठेवली आणि त्यांना सांगितलं, हा बसणार न्हाई तर आम्ही वाजवणार न्हाई.

मी लेंगीची पहिली हाक दिली. समोर हजारो माणसं, उत्तर न्हाई. दुसरी हाक दिली, तशी पुढं उभी असलेली चिखलानं भरलेली एक पोरगी ओरडली. शब्द समदे चुकीचे, पण ताल बराबर! डॅनीनं माझ्या हाकेखाली यंत्राचा ढोल सोडला. तिसऱ्या हाकेला पूर्ण मैदान दणाणलं. ताई, गोऱ्यांनी आपल्या गोर बोलीत उत्तर दिलं! आम्हाला खाली उतरू देईनात.

आता मी बँडचा गायक आहे. कॅसेट निघाली की पहिली तांड्यावर येईल. आशीर्वाद कमी पडू देऊ नका.

कुलदीप


साखरा तांडा, ५ मार्च १९९९

चि. कुलदीपास घरच्या समद्यांचे उदंड आशीर्वाद.

कॅसेट होळीच्या आदल्या दिवशी पोचली. पोरांनी सेनगावहून मोठे भोंगे आणले. तुझा आवाज निघाला आणि याडी तोंडाला पदर लावून बसली. बाबांनी नंगारा गळ्यात घातला अन् पाव्हण्यांना ओरडून सांगितलं, हे माझं पोरगं गातंय, विलायतेला नाचवतंय! मग तुझ्या यंत्राच्या ढोलाबरोबर वाजवत सुटले. संगं नाचणारा कोंडीबानाना धापा टाकत खाली बसला, तरी बाबा थांबेनात.

सकाळी त्यांचे खांदे धरले होते. याडी तेल चोळत होती. मला म्हणाले, लिही त्याला, त्या डॅनीला सांग म्हणावं, ताल चांगला आहे, पण लई पळतो. पुढल्या कॅसेटीत एक गाणं आमच्या वयाच्या माणसांसाठी ठेव, अन् ते वाजवायला मला बोलाव.

शिला