तेलाचा ताप

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलंय – रोज काय त्रास होतो ते लिहून ठेवत जा. तर आजचा त्रास : मेहुणा.

बाकी छातीत वगैरे काही नाही.

सकाळी खोदायचं मशीन सुरू करून नुसतं ठेवलं होतं. थंडीत तेल घट्ट असतं, जरा फिरू द्यावं लागतं, मगच हात-पाय मोकळे होतात त्याचे. तेवढ्यात हा आला. हातात डबी, डबीला वायर, वायरच्या टोकाला लोहचुंबक. ना राम राम ना काही. बाजूचं झाकण उघडलं आणि लोहचुंबक तेलाच्या टाकीला चिकटवला – टक्!

"हे काय आता?"

"तेलाचं तापमान, दाजी. घरबसल्या फोनवर दिसणार."

"कोणाच्या फोनवर?"

"माझ्या."

वा! मशीन दोघांचं, घाम माझा, आणि ताप बघणार हा.

४ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर डोक्यात तेच. मशीन आमचं छोटं आहे, बागेच्या फाटकातूनही आत जातं. मी त्याला बुटकं म्हणतो. हात, बकेट, वळणं, चालणं – सगळं तेलाच्या दाबावर. तेल फार तापलं की पातळ होतं आणि बुटक्याची ताकद जाते, हे खरं. पण त्यासाठी सीटसमोर दिवा आहे! तेल तापलं की लाल दिवा लागतो आणि अशी पिपाणी वाजते की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात.

मग ही डबी कशाला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणावं, तर मेहुणा तितका शहाणा नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुरलेलं पाणी सापडलं!

एका बंगल्याच्या मागे भिंतीलगत पाइपासाठी चर खणतोय. दुपारी मशीन बंद केलं, डबा उघडला, थोडं खाऊन भिंतीला टेकलो. फोन वाजला.

"दाजी, ताप उतरला हो!"

"मग काय करू? औषध बंद करू?"

"नाही, म्हणजे... काम थांबलंय का?"

"जेवतोय."

"बरं, बरं. सावकाश जेवा."

साखर नुसती! ताप उतरला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. हा फोन लावतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेहुण्याचं नाव आजपासून हवामान खातं.

चहाला थांबलो – फोन. प्लंबरशी दोन शब्द बोललो – फोन. भिंतीआड गेलो, तर तिथेही खिशात घणघण! तिथे काय उत्तर द्यायचं माणसाने?

गंमत पुढेच आहे. जुन्या पायाचा दगड लागला होता. तो काढताना तेल चांगलंच तापलं. दिवा लागायच्या बेतात. मी म्हटलं, आता वाजेल. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. फोन वाजलाच नाही! संध्याकाळी विचारलं, "आज किती गेला होता रे ताप?" तर म्हणे, "गेला असेल, दाजी. लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं! जे बघायला डबी लावली तेच बघितलं नाही. शेंबड्या पोरालाही कळेल. याला तेलाच्या तापाशी देणं-घेणं नाही. मशीन गार पडलं म्हणजे म्हातारा बसला, एवढंच त्याला जाणून घ्यायचंय. मी किती वेळा टेकतो याचा हिशेब चाललाय. पुरावा जमला की मला सीटवरून उठवायचं आणि आपण बसायचं. रविवारी मोकळ्या जागेत शिकतोय ना मशीन! बकेट अशी आपटतो की जमिनीने तक्रार करावी.

आणि सीट गेली तर माझ्याकडे उरलं काय? घरी बसून मटार सोलू?

१० फेब्रुवारी, मंगळवार

बायकोला सरळ म्हणालो, "तुझा भाऊ माझ्यावर पहारा ठेवतोय."

ती इस्त्री करत होती. म्हणाली, "उचलावा हो फोन. काय बिघडतं?"

"बिघडतं! मी काय नोकर आहे त्याचा?"

 इस्त्री एकाच बाहीवरून फिरत राहिली. भावाचं सगळं गोड, दुसरं काय!

हे सगळं गेल्या वर्षीपासूनचं. केबिनमध्ये जरा चक्कर आली – झालं! दवाखाना, नळ्या, छातीत एक बारीक जाळी. बुटक्याच्या कूलरलाही जाळी आहे, पण तिला निदान आठवड्याला हवा मारतात. माझ्या जाळीला नुसती पथ्यं. आणि मेहुणा ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगतो. "शोधत गेलो, मशीनला हात लावला, तर गार हो! कधीचं बंद पडलं होतं कोण जाणे! गार!" ऐकणाऱ्याला वाटावं मशीनच वारलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

युक्ती! आणि तीही बायकोच्या कृपेने.

कंबरेसाठी तिने शेकायची पिशवी दिली आहे. रबराची, वर लोकरीचं कव्हर, तिनेच विणलेलं. डॉक्टरांनी गरम पाणी प्यायला सांगितलंय म्हणून थर्मासही देते भरून. आज त्या पाण्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

जेवायची वेळ झाली. झाकण उघडलं. लोहचुंबक टाकीवरून ओढून काढला. पिशवीत थर्मास रिकामा केला, लोहचुंबक कव्हरच्या आत सरकवला, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळली. आणि झाडाखाली आडवा झालो. कसली झोप लागली म्हणून सांगू!

फोन नाही! एकही नाही! उठल्यावर लोहचुंबक पुन्हा टाकीला – टक्.

संध्याकाळी हवामान खातं खुशीत. "दाजी, आज काय सलग काम! ताप कसा छान टिकून होता. पण जेवायला थांबत जा हो मध्ये. तब्येतीला बरं नाही असं."

जेवायला थांबत जा म्हणे! थांबलो की फोन करणारा कोण? हाच ना? चेहरा बघावा त्याचा – कळवळा नुसता ओसंडतोय. नक्राश्रू!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पिशवी. झोप. हवामान स्वच्छ.

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्लंबरने पकडलं. झाकणाच्या आत डोकावून म्हणाला, "काका, मशीनची कंबर धरली काय?"

"मशीनची नाही, मेहुण्याची."

सगळं सांगितलं. पोट धरून हसला. "जावयाने सासरच्यांना शेकलं!" म्हणाला. माणूस रसिक आहे. त्याला उद्यापासून दुसरीकडे काम आहे, पाइप यायचेत अजून. म्हणजे मी एकटाच. बरंच झालं. शांतता.

प्लंबर मेहुण्याला सांगणार तर नाही ना, असंही मनात आलं. उलटतपासणी होऊ दे, बघू.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डावा खांदा दुखतोय. लिव्हर ओढून ओढून, दुसरं काय. डॉक्टरांना सांगण्यासारखं काही नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वही आज मिळाली हातात. दवाखान्याची खाट. पान सरळ दिसतंय, अक्षर नाही.

गेल्या बुधवारी. जेवायची वेळ. नेहमीप्रमाणे पिशवी बांधली. वारा होता म्हणून झाडाखाली न जाता केबिनमध्येच बसलो. डब्याचं झाकण काढलं आणि घाम फुटला. एवढ्या थंडीत! मग छातीवर कोणीतरी येऊन बसलं. फोन घ्यायला हात उचलला तर फोन निसटून खाली, मशीन ज्यावर चालतं त्या साखळीपट्ट्याजवळच्या मातीत. दिसत होता. हात पोचत नव्हता. ओरडायला गेलो, आवाज आला नाही. प्लंबर नाही. बंगल्यातले कामाला गेलेले.

पण घाबरलो नाही, खरं सांगतो. म्हटलं, आता वाजेल. मशीन बंद आहे, तेल गार होतंय, त्या गाढवाला दिसेल, तो फोन करेल, मी उचलला नाही की चडफडत येईल. रोज नको तेव्हा वाजतो तो! आज वाजणारच.

वाजला नाही.

मग आठवलं. तेल गार होत होतं, पिशवी होत नव्हती. बायकोचं विणकाम घट्ट. ऊब टिकावी म्हणून दुहेरी लोकर घातलीय, कौतुकाने सांगितलं होतं तिने! त्याच्या फोनवर मी जोरात काम करत होतो. जन्मात पहिल्यांदा मी मेहुण्याच्या फोनची वाट बघत पडलो होतो आणि तिकडे तो माझं सलग काम बघून खूश होत बसला असेल.

किती वेळ गेला माहीत नाही. भीती वाटली. फार वाटली. मग एकदाची पिशवीही निवली असावी – मातीत फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग फाटकाशी स्कूटर पडल्याचा आवाज. उभी केली नव्हती, टाकलीच होती त्याने. डोक्यावर हेल्मेट तसंच. केबिनमध्ये घुसला आणि माझ्या गालाला हात लावला. मग फोनवर बायकोला ओरडून सांगत होता, "ताई, गार नाहीत गं! ऐकतेस ना? दाजी गार नाहीत!"

हे काय ओरडणं, असं वाटलेलं आठवतं. पुढचं नाही आठवत.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर हृदयाचा एवढा तुकडा गेला नसता. मशीन आता विसरा म्हणाले. शांतपणे म्हणाले, जसं आपण म्हणतो की हा पाइप जुना झालाय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याने पिशवी आणली. लोहचुंबक आतच, पट्टी आवळलेली. म्हटलं, आता बोलेल. बोल बाबा, तुझा दिवस आहे!  त्याने नुसती बायकोच्या हातात पिशवी दिली आणि माझ्यासाठी मोसंबी आणायला म्हणून बाहेर गेला.

बायकोने पट्टी सोडवली. लोहचुंबक काढून बघितला. कव्हर बघितलं. मग माझ्याकडे. आणि रडायला लागली. तोंडावर ते कव्हरच धरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोसंबी आलीच नाहीत. हा जिन्यात बसून होता, नर्सने सांगितलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

घरी. डबी पुन्हा मशीनवर लावली म्हणे. आता कशाला? मी नाही, तर कोणाचा हिशेब ठेवायचाय याला? जित्याची खोड!

२ मार्च, सोमवार

आजपासून बुटक्यावर तो. जाताना जुना फोन माझ्या मांडीवर ठेवला. "दाजी, आता तुम्ही बघा." तापाचा आकडा दिसत होता. चढत चढत चांगला वर गेला. म्हटलं, आता वाजेल, आता शिव्या घालतो त्याला! वाजला नाही.

दुपारी वाजला. बघतो तर आकडा खाली.

"उलटं लावलंय याने," मी म्हणालो.

बायको दारात होती. म्हणाली, "उलटं नाही. गरमचा गजर त्याने कधी लावलाच नव्हता. गरम झालं तर दिवा आहे ना, तुम्हीच म्हणता. गेल्या वर्षी मशीन गार लागलं होतं त्याच्या हाताला. तेव्हापासून त्याला गारचीच भीती."

मी आकड्याकडे बघत राहिलो. आणखी खाली गेला. जेवत असेल. जेवायचीच वेळ आहे. एकटाच असतो तो तिथे. नवखा आहे. चर खोल आहे.

मशीनचा ताप उतरला आणि घाम मला फुटला.

फोन लावला. जेवतच होता, गाढव! म्हटलं – सावकाश जेव.