उंदराची डॉक्टर

दारव्हा, रविवार, संध्याकाळ

सासूबाईंनी आज वंदनाची बॅग दारात आणून ठेवली. माझी ही धाकटी जाऊ बाळंत झाल्यापासून रडते, बाळाला जवळ घेत नाही, म्हणून माहेरी रवानगी. "नखरे हायेत सगळे," म्हणाल्या.

नेमकी रुची सुट्टीवर आलेली. माझी लेक नागपुरात नैराश्य आणि हार्मोन यांवर संशोधन करते, उंदरांच्या मेंदूवर. सासूबाई तिला उंदराची डॉक्टर म्हणून चिडवतात.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आजी, व्होल्टेज कमी असलं का वावरातली मोटर काय करते?"

"नुसती गुणगुणते. पाणी नाही फेकत."

"मंग मोटर नखरे करून राह्यली म्हणतं का तू? काकूचंबी तसंच हाये. बाळंतपणानंतर हार्मोन एकदम उतरतात, मेंदूतले निरोप नीट पोचत नाहीत. डॉक्टरले दाखवू, बरी होते."

सासूबाईंनी बॅग स्वतःच उचलून आत नेली. "उद्या तूच ने तिले दवाखान्यात, उंदराची डॉक्टर!"

इतकं सोपं करून सांगता येतं? ऊर भरून आला माझा. पण ती मोटर काही डोक्यातून जाईना. रुची झाली तेव्हा मीही कित्येक महिने नुसती गुणगुणत होते. तिला कधी बोलले नव्हते. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन सांगून टाकलं.

पोळी लाटता लाटता म्हणाली, "मले माहीत हाये, आई. मावशीनं सांगितलं होतं. हा विषय काय उगाच घेतला का मी?"