पुठ्ठ्याच्या नळीतून

२ मे, शनिवार
दुकान आपलं झालं! कागदावर किंमत काहीही असो, खरी किंमत मोजली ती अशी: बायकोचा, नोरीनचा पियानो, माझी मासेमारीची होडी आणि रविवारची झोप. पियानो गेला तेव्हा नोरीनने त्याच्यामागची भिंत पुसून घेतली. होडी गेली तेव्हा मात्र म्हणाली, बरं झालं, आता रिकाम्या हातांनी घरी यायला निमित्त उरलं नाही. वीस वर्षं पहाटे पावाची गाडी हाकली आणि आता साठीच्या उंबरठ्यावर खेळण्यांचा दुकानदार. कर्ल्यू बे या समुद्रकाठच्या गावात आम्ही नवखे आहोत, पण लोक गोड आहेत. शेजारचा खाटीक येऊन विचारून गेला की, म्हाताऱ्या, बाहुल्या विकणार की खेळणार?

खिडकीशी बुटकं टेबल मांडलंय, त्यावर खेळायच्या रंगीत कणकेचा गोळा. पोरांनी आधी खेळून बघावं, मग आयांनी निवडावं. गल्ल्यावर टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी दोरीने टांगली. या नळीतून जे आरपार जातं ते तान्ह्याच्या घशात अडकू शकतं, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक असतं. खाली पाटी लावली: या दुकानातली एकही वस्तू या नळीतून जाणार नाही. अक्षर झकास आलं.

५ मे, मंगळवार
टेगन हार्टनेट आली, दीड वर्षाच्या लेकीला, क्लेमला काखेत मारून. बुधवारचा प्लेग्रुप तीच चालवते, चर्चच्या हॉलमध्ये. कणीक आया पाळीपाळीने घरी शिजवतात, पीठ, मीठ, तेल घालून. पण खेळणी जुनी झालीत. आणि टेबल एकच, त्याच्याभोवती एक वर्षाचंही बसतं आणि पाच वर्षांचंही. सगळ्यांना चालेल असं काय?

हा माझा प्रांत. छोट्या मुठीला जाड लाटणं हवं, लाकडी, टोकं गोल. साचे हाताएवढे, कडा बोथट. मोठ्यांसाठी सोऱ्या, दाबला की कणकेचे केस निघतात. लाटणं-साच्यांचा आणि सोऱ्याचा, हे दोन्ही संच मी नळीवर धरून तपासलेले. तिसरा आज सकाळीच टपालाच्या गाडीने आला: कणकेच्या तोंडांना लावायचे कान, नाकं, डोळे. खोक्यावर ‘तीन वर्षांवरील’ अशी चिकटपट्टी होती. असल्या पट्ट्या वकील घाबरून लावतात, असं माझं मत. ती मी नखाने काढली.

टेगनने विचारलं, यात बारकं काही नाही ना रे डेस? हिचं सगळं तोंडात जातं. मी म्हणालो, बाई, पाटी वाच. सगळं नळीतून तपासलंय.

तिसरा तपासला नव्हता. तरी तिन्ही संच उद्याच्या प्लेग्रुपसाठी वापरून बघायला दिले. तिची गाडी बाहेर चालू होती. ती घाईत होती, मीही.

६ मे, बुधवार
तिन्ही संच संध्याकाळी परत आले. निवड झाली: तोंडांचा संच! प्लेग्रुपच्या समितीची बैठक झाली की नवा मागवणार. क्लेमने चार डोळ्यांचं काहीतरी केलं म्हणे, आणि ते तुझ्यासारखं दिसत होतं, असं टेगन म्हणाली. मध्येच पोरीला खोकल्याची उबळ आली होती, पण केक दिल्यावर थांबली. खेळून तपकिरी झालेली कणीकही तिने डब्यात घालून आणून दिली, माझ्या टेबलासाठी.

खोकं लावताना पाहिलं, डोळ्यांच्या तबकातला एक खळगा रिकामा. कणकेत असेल. सगळी कणीक चोळून पाहिली.
नव्हता.

८ मे, शुक्रवार
टेगन पावाच्या दुकानात भेटली. क्लेमचा खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले, थंडीचा कफ आहे, औषध दिलंय. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती. माझे कान तिखट आहेत. गाडीचं कुठलं चाक कुरकुरतंय, ते मी बसल्या जागी सांगायचो. क्लेमच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. फक्त उजवीकडे.

सांगायला हवं होतं. मी हवेबद्दल बोललो.

११ मे, सोमवार
टेगनने दिलेला कणकेचा डबा उघडला. शनिवारी गोळा करून ठेवलेली कणीक गोळा नव्हती. बोटाएवढी नळी, खाली दोन फाटे फुटलेली. उजव्या फाट्यात गोल खळगा. हसलो, म्हटलं कुण्या पोराची करामत. मग आठवलं, शनिवारनंतर दुकान आत्ताच उघडतोय.
चिरडून टाकली. गरम होती.

१२ मे
पुन्हा तीच नळी, छातीतल्या श्वासनळीसारखी. खळगा आणखी खोल. आणि डब्यातून शिट्टी येते. नोरीनला बोलावलं. तिला ऐकू येत नाही. म्हणाली, तुला काय, डासाची उचकीसुद्धा ऐकू येते. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, डेस, काय केलंस तू?
काही नाही, म्हणालो.

१४ मे
क्लेमला लॉन्सेस्टन शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. छातीच्या फोटोत काही दिसत नाही म्हणे. प्लास्टिक फोटोत दिसत नसतं, हे मला माहीत आहे. त्यांना प्लास्टिकचं माहीतच नाही. न्यूमोनिया समजून उपचार चालू आहेत.
टेगनला फोन केला. एकच वाक्य सांगायचं होतं. शुभेच्छा दिल्या आणि ठेवला. ती रडत रडत म्हणाली, तू किती चांगला आहेस रे.
सांगितलं तर दुकान जाईल. पियानो गेला तो गेलाच.
हे मी लिहिलं. हे मीच लिहिलं.

१५ मे
डबा समुद्रात फेकला, स्वतःच्या हाताने. परत आलो तर टेबलावर ती कणकेची नळी. ओली. त्यावर बोटांचे ठसे, माझ्या नखाएवढे. शिट्टी आता तुटक. एक. मग बराच वेळ काही नाही. मग—

१६ मे
इस्पितळाला फोन लावला. सांगितलं. पट्टी काढल्याचंही. नर्सने विचारलं, डोळा केवढा? मी म्हणालो, मोठा असणार, माझ्या दुकानातलं काहीच नळीतून जात नाही. ती म्हणाली, नळी राहू द्या हो, मोजून सांगा. आणि डॉक्टरांना हाका मारत पळाली. फोन कानाला आहे. तिकडून पावलं ऐकू येतात, आणि तीच शिट्टी. इथे टेबलावरही. दोन्ही एकाच वेळी.

जोडीचा डोळा हातात आहे. नळी दोरीसकट ओढून काढली—

शिट्टी थांबली. दोन्हीकडे.

डोळा नळीत टाकला. कडेला न लागता खाली पडला. कुठेच अडकला नाही. पहिला मात्र क्लेमच्या छातीत अडकला.