बाबांच्या निबंधाची दुसरी बाजू

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं याच टेबलाशी भांडत होतात. कला शाखेला जाणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या तयारी वर्गात तुम्हाला निबंध दिला होता: माणसाला कवितेची गरज आहे का? तुम्ही म्हणालात, "नळ गळला की कुणी कवीला बोलावत नाही." आई म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करताय, आपला मात्र गळतोच आहे!"

निबंधात दोन्ही बाजू हव्यात. तुमची पाच पानं झाली, दुसरी बाजू कोरी आहे. काल फोनवर तुम्ही वर्गाच्या बाईंना सांगितलंत, "विरोध करणारी गेली. माझं नाव काढून टाका." बाईंना मी थोपवून धरलंय.

जेवण झाकून ठेवलंय. भांडी घासू नका, मला पुन्हा घासावी लागतात.

संध्याकाळी तुमच्यासमोर विरोधात मी बसेन. आईसारखं फटकन बोलणं मला जमत नाही. तुमच्यापुढे मी कायम मान डोलावत आले. म्हणून आत्ता, तुम्ही घोरत असताना, चपला घालून दारातून मोठ्याने म्हणून पाहिलं, "बाबा, तुमचं मला अजिबात पटत नाही. तुम्ही कॉलेजला जायचं."