करवतीच्या पँटचं माप

गुरुवार, ९ नोव्हेंबर

सकाळी पाणी भरलं. कपडे धुतले, पुढच्या दाराने निघून घराला वळसा घालून मागे वाळत घातले. कामावर गेले नाही. जेवण झालं. आता लिहायला बसले आहे.

तीर्थरूप वन्संना नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याशी भांडता का? मी बरी आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण जाऊबाईंचा फोन तुम्हाला एव्हाना आला असेल आणि मला ‘तसं’ झालंय असं त्यांनी सांगितलं असेल. तसं काही झालेलं नाही. मी पँट घ्यायला गेले होते. तुम्ही रविवारी येऊन मला कायमचं तुमच्याकडे नेणार, घराला कुलूप लावून किल्ली जाऊबाईंकडे ठेवणार, असं त्या म्हणाल्या. तेव्हा काय झालं ते वाचा, मग ठरवा.

मागच्या अंगणातलं वठलेलं झाड ह्यांनी जायच्या थोडेच दिवस आधी पाडलं, हे तुम्हाला माहीत आहे. फांद्या काढून झाल्या, खोडाचे तुकडे करायचे राहिले. झाडं पाडणं हाच ह्यांचा धंदा, त्यामुळे लोकांची खोडं वेळेवर उचलली जायची आणि घरच्याची पाळी शेवटी यायची. आता ते मागच्या दाराशी असं आडवं पडलंय की दार वीतभर उघडतं आणि थांबतं. (रोज एकदा उघडून बघते. आत्ताही उठून बघून आले. वीतभरच.) वखारवाला येऊन गेला, फुकट उचलून नेतो म्हणाला. मी नको म्हटलं. मला ह्यांची चेनची, यंत्राची करवत चालवता येते. सुट्टीच्या दिवशी मी ह्यांच्या हाताखाली असायचे, चेनला धार लावायचे, पडलेले ओंडके कापायचे. तेव्हा पायांवर पुढून जाड आवरण बांधायचे. ते माळ्यावरून काढलं, तर उंदरीण त्यात बाळंत होऊन गेली होती. राहिली ह्यांची करवतीची पँट.

तुमचे भाऊ किती उंच आणि किती किडकिडीत होते हे तुम्हाला मी काय सांगणार. मी कशी आहे तेही तुम्ही लग्नात सगळ्यांदेखत सांगितलं होतंच. त्यांची पँट माझ्या कमरेला भेटेना आणि खाली दोन्ही पायांपुढे एकेक पाय जास्तीचा लोळत होता. तशीच स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले आणि दोनदा स्वतःवरच अडखळले. म्हणून शिंप्याकडे दिली. कंबर मागून वाढवा, पाय आत दुमडून टाचा, एवढंच सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली. (मी बोलायला गेले की माझं एक वाक्य नेहमी घरी राहतं.) या पँटमध्ये पुढच्या बाजूला चिवट धाग्यांचे थर सुटे भरलेले असतात. चालती चेन चुकून पायाला लागली, तर वरचं कापड फाटून ते धागे बाहेर ओढले जातात, यंत्रात गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. पाय वाचतो तो ते धागे सुटे असतात म्हणून.

शिंपीकाकांना ते बघवलं नाही. कोणीतरी ह्यांना फसवून कामचुकार शिवण गळ्यात मारली, असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन्ही पायांवर उभ्याआडव्या टिपा मारल्या, बारीक चौकटी चौकटींच्या, दुलईसारख्या. वर माझ्यापुढे घडी धरून म्हणाले, “बाई, आतलं सगळं सुटं होतं. आता जन्मात हलणार नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी छान झालीय म्हटलं. खोटं नव्हतं, टिपा सरळ होत्या.

मग पंप, नळ्या आणि यंत्रं विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने साहेबांचं माप विचारलं. माप माझं, म्हटल्यावर त्याने तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. कंबर बसेल अशी आणली तर ती विजेच्या खांबाला घालायची होती. लांबी बरोबर असलेली आणली तर ती मांडीवरच थांबली. कपडे बदलायची जागा म्हणजे पंपांच्या खोक्यांमागे, आणि आरसा दाढीचा, त्यात एका वेळी एकच गुडघा दिसायचा. पण ह्यांनी शिकवलं होतं ते पाठ होतं. उभ्याउभ्या पँट घ्यायची नाही. ढोपरं मोडून बसून बघायचं, एक पाय स्टुलावर ठेवून वाकायचं. सैल पँट काटक्यांत अडकते आणि आतलं संरक्षण फिरून पोटरीकडे जातं. घट्ट असली की माणूस वाकायचा कंटाळा करतो आणि कंटाळ्यात हात चुकतो. पट्टा नको, खांद्यावरून बंद हवेत, म्हणजे पोट मोकळं राहतं. हे सगळं ऐकताना दुकानदार बहुधा मी कधी जाईन याचा विचार करत होता.

शेवटी एक मिळाली. मागून ताणणारं कापड, खांद्यावर बंद, गुडघ्याला जागा. मी बसले, उठले, उजवा पाय स्टुलावर ठेवला, हातात करवत नाही म्हणून दुकानातला झाडू घेतला आणि ओंडका कापावा तशी वाकून तो हळूहळू खाली आणू लागले. (तोंडाने आवाज काढला नाही. जाऊबाई म्हणतील काढला. दुकानात पंप चालू होता.) तेवढ्यात बागेची नळी घ्यायला आमच्या कार्यालयाचे मोठे साहेब आत आले.

तेही थांबले, मीही थांबले. साहेब सभ्य माणूस. त्यांनी आधी झाडूकडे पाहिलं, मग पँटवरच्या भगव्या पट्ट्यांकडे, मग माझ्याकडे. फार हळू आवाजात म्हणाले, “बाई, काही लागलं तर सांगा.”

“नाही साहेब, काखेत काचते का तेवढं बघतेय,” मी म्हटलं.

यापुढचं वाक्य घरी राहिलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर न मागता चहा आला. कोणी माझ्यासमोर कात्री ठेवीना. दुपारी सक्तीची रजा मिळाली, कारण ‘प्रकृती अस्वास्थ्य’. शिपायाची बायको आणि जाऊबाई एकाच भिशीत आहेत, म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आता दिवसभर घरात आहे. या खोलीतून त्या खोलीत जाते, मागचं दार ढकलते, परत येते. हे पत्रसुद्धा सलग बसून लिहिलेलं नाही.

मला हे घर सोडायचं नाही, वन्सं. मागचं दार पूर्ण उघडलं की बाकीचं माझं मी बघेन.

थोरामोठ्यांना माझा नमस्कार, तुम्ही गुडघा जपा.

तुमची भावजय

ता. क. रविवारी मात्र याच. न्यायला नको. ह्यांचा एक नियम होता, करवत चालू असताना हाकेच्या अंतरावर माणूस हवा, एकट्याने हात लावायचा नाही. म्हणून पँट येऊनही मी अजून करवत खाली काढलेली नाही. तुम्हाला काही करायचं नाही. खुर्ची टाकून बसायचं आणि माझं चुकलं की ओरडायचं. तुमची हाक शाळेच्या पटांगणापर्यंत यायची, असं हे सांगायचे.

ता. क. २. नवीन पँट मी सकाळपासून घातलेली आहे. बसताना काचत नाही. जाऊबाईंना सांगू नका.

ता. क. ३. वर मी बरी आहे असं लिहिलंय, ते पँटपुरतं खरं आहे.

ता. क. ४. शिंपीकाकांच्या टिपा उसवायला घेतल्या आहेत. सुईने आतले धागे तुटलेत, त्या पँटचा आता कामाला उपयोग नाही, पण कंबर परत ह्यांच्या मापाची करून ठेवते. एक पाय उसवून झाला. उजेड आहे तोवर दुसरा घेते.